ग्रीकांचे घर खासगी नव्हते

घरातल्या गोष्टी राजकारणात आणाव्यात की नाही, हा वाद आपल्याकडे पुन्हापुन्हा उभा राहतो. कधी निमित्त वारसाहक्काच्या कायद्याचे असते, कधी एखाद्या नेत्याच्या संसाराचे, कधी घरकामाचे मोल धरावे की नाही या प्रश्नाचे. वाद जरा चढला की दोन्ही बाजूंना प्राचीन ग्रीस आठवतो. एक बाजू सांगते की लोकशाही ज्यांनी घडवली त्या ग्रीकांनी घर आणि नगर यांच्यामध्ये भक्कम भिंत घातली होती; घरात गरजा, नगरात स्वातंत्र्य, आणि शहाण्या माणसाने या दोहोंची सरमिसळ करू नये. दुसरी बाजू सांगते की ग्रीकांच्या मते कुटुंब हाच राज्याचा पाया होता आणि घर नीट चालवणारा पुरुषच नगर नीट चालवू शकतो, म्हणून राष्ट्र म्हणजे एक मोठे कुटुंबच. गंमत अशी की दोघांच्याही हातात पुष्कळदा ॲरिस्टॉटलचे एकच प्रकरण असते. फक्त बोट वेगवेगळ्या ओळींवर ठेवलेले असते.

माझे म्हणणे असे की हे दोन्ही दाखले चुकीचे आहेत, आणि दोन्ही एकाच गल्लतीतून निघाले आहेत. ग्रीक नगरराज्यात, निदान ज्याच्याविषयी आपल्याला सर्वांत अधिक ठाऊक आहे त्या ॲथेन्समध्ये, घरातले विषय राजकारणाबाहेर कधीच नव्हते. विवाह, जन्म, दत्तक, वारसा, आईबापांचा सांभाळ, व्यभिचार, पूर्वजांची थडगी या सगळ्यांवर नगर कायदे करत होते, खटले चालवत होते आणि साक्षी घेत होते. बाहेर ठेवली होती ती घरातली माणसे: स्त्रिया, गुलाम, मुले. माणसांना वगळणे आणि विषयाला वगळणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली घडली म्हणून दुसरीही घडली असे धरून चालल्यामुळे आपण ज्याला ‘ग्रीकांचे खासगी जीवन’ म्हणतो, ते उभे राहिले.

आधी शब्दाविषयी थोडे. ग्रीकांचा ‘ओइकॉस’ म्हणजे वास्तू, वास्तूतली माणसे, त्यांचे गुलाम, गुरे, जमीन आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणारा वंश, हे सारे एकत्र. इंग्रजी वाचकाला हे समजावून सांगताना अभ्यासकांची पाने खर्ची पडतात. मराठी वाचकाला त्याची गरज पडू नये. मुलीसाठी स्थळ पाहताना ‘घर चांगले आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा विटा-चुन्याविषयी बोलत नसतो, आणि ‘त्यांचे घर बुडाले’ म्हणताना पुराची बातमी देत नसतो. ज्या वस्तूत जमीन, वंश आणि देवधर्म एकत्र गुंतलेले आहेत, ती वस्तू ‘खासगी’ या एका खणात मावेल कशी? ग्रीकांकडे खासगी आणि सार्वजनिक यांसाठी स्वतंत्र शब्द होते, हे खरे. पण ओइकॉस पूर्णपणे पहिल्या शब्दाच्या बाजूला पडत नव्हता.

आता भिंतीची बाजू घेणाऱ्यांचे जे खरोखर बळकट मुद्दे आहेत ते मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या आरंभीच बजावले आहे की राज्यकर्ता, राजा, घरधनी आणि गुलामांचा मालक हे सगळे एकच काम लहानमोठ्या प्रमाणावर करतात, असे समजणारे चुकतात. फरक माणसांच्या संख्येचा नाही, सत्तेच्या जातीचा आहे. घरात मालक गुलामावर, नवरा बायकोवर आणि बाप मुलांवर सत्ता चालवतो; नगरात समान माणसे आळीपाळीने राज्य करतात आणि दुसऱ्याचे राज्य मानतात. या फरकातच ग्रीक लोकशाहीचा प्राण होता, आणि विसाव्या शतकात, 1958 साली, राजकीय विचारवंत हाना आरेन्टने हाच मुद्दा उचलून घर हे गरजेचे आणि नगर हे स्वातंत्र्याचे क्षेत्र अशी मांडणी केली, तिचा प्रभाव अजून ओसरलेला नाही. ॲथेन्सच्या लोकसभेत, म्हणजे सर्व नागरिकांच्या सभेत, साठ वर्षांचा बाप आणि त्याचा तरुण मुलगा शेजारी बसत, आणि दोघांचा हात एकाच मोलाचा असे. बापपण दाराशी काढून ठेवल्याशिवाय हे शक्य नव्हते.

दुसरा मुद्दाही कमी वजनाचा नाही. घर हा नगराच्या दंडशक्तीपासूनचा आसरा आहे, अशी भावना ॲथेन्समध्ये खरोखर होती. अँड्रोशन नावाच्या पुढाऱ्याने युद्धकराची थकबाकी वसूल करताना लोकांच्या घरांत माणसे घुसवली, तेव्हा प्रसिद्ध वक्ता डेमॉस्थेनिस याने एका फिर्यादीच्या भाषणात त्या प्रसंगाचे चित्र रंगवले: नागरिक छपरावरून शेजाऱ्याकडे पळतो आहे, खाटेखाली लपतो आहे, आणि हे सारे त्याच्या बायकोच्या डोळ्यांदेखत. पुढे खुद्द डेमॉस्थेनिसने एका संशयित हेराला पीरियस बंदरातल्या घरातून पकडले, तेव्हा लोकसभेचा ठराव नसताना लोकशाहीत कोणाच्या घरात शिरता येते काय, असा ओरडा त्याचा वैरी एस्किनिझ याने केला. लोकशाही मोडल्यावर काय होते, हेही लोकांनी पाहिले होते. इ.स.पू. 404 मध्ये तीस जुलमी सत्ताधाऱ्यांची माणसे पोलेमार्कसच्या घरात शिरली आणि त्यांच्यातल्या मेलोबियसने त्याच्या बायकोच्या कानांतली सोन्याची कर्णभूषणे उतरवून घेतली, हे पोलेमार्कसचा भाऊ लिसियस याने न्यायालयात सांगितले आहे. घराचा उंबरठा ओलांडणे हे जुलमाचे लक्षण आहे, हे ग्रीकांना आपल्याइतकेच कळत होते.

तिसरा मुद्दा ॲथेन्सचा पुढारी पेरिक्लीज याचा. युद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ केलेल्या भाषणाच्या शेवटी विधवांना उद्देशून तो म्हणतो की, पुरुषांमध्ये जिच्याविषयी बरे किंवा वाईट सर्वांत कमी बोलले जाते तिचीच कीर्ती मोठी. लोकशाहीच्या सर्वांत प्रसिद्ध भाषणात हे वाक्य असल्यावर भिंत नव्हती असे कोण म्हणेल?

मी म्हणेन, आणि त्यासाठी त्याच भाषणातली आणखी दोन वाक्ये पुढे करीन. एके ठिकाणी पेरिक्लीज अभिमानाने सांगतो की आमच्याकडे तीच माणसे आपल्या घराचीही काळजी वाहतात आणि नगराचीही. दुसऱ्या ठिकाणी तो मृतांच्या आईबापांना, ज्यांचे वय उरले आहे त्यांना, आणखी मुले होऊ देण्याचा सल्ला देतो आणि कारण देतो की ज्याने स्वतःची मुले पणाला लावलेली नाहीत तो इतरांच्या बरोबरीने न्याय्य मसलत देऊ शकत नाही. हे घर बाहेर ठेवणाऱ्या माणसाचे बोलणे आहे का? त्याच्या मते मुलेबाळे हा मसलतीतला भाग घेण्याचा तारण-ऐवज आहे. हा केवळ वक्तृत्वाचा अलंकारही नव्हता. शंभरएक वर्षांनंतर डायनार्कस हा वक्ता एका कायद्याचा हवाला देतो: लोकांचा विश्वास मागणाऱ्या वक्त्याने आणि सेनापतीने कायदेशीर संतती असलेला आणि ॲटिकाच्या, म्हणजे ॲथेन्सच्या मुलखाच्या, हद्दीत जमीन असलेला असावे.

अधिकारपदाची परीक्षा कशी होत असे, ते पाहिले म्हणजे उरलासुरला संशयही फिटतो. दरवर्षी चिठ्ठी टाकून नऊ आर्कन, म्हणजे वरिष्ठ पदाधिकारी, निवडले जात आणि पदावर बसण्याआधी त्यांना पाचशेंच्या मंडळापुढे व मग न्यायालयापुढे उभे राहावे लागे. त्यांना राज्यकारभाराविषयी काय विचारत? तुझा बाप कोण आणि तो कोणत्या डीमचा, म्हणजे कोणत्या गाव-विभागाचा, बापाचा बाप कोण, आई कोण, आईचा बाप कोण आणि त्याचा डीम कोणता. मग: पितृपरंपरेच्या अपोलोचे आणि अंगणातल्या झ्यूसचे पूजन तुझ्याकडे आहे का, आणि ती ठाणी कुठे आहेत? तुमच्या घराण्याची थडगी आहेत का, कुठे? आईबापांना नीट वागवतोस ना? कर आणि युद्धसेवा यांची पाळी त्यानंतर येई. आपल्याकडे एखाद्या मंत्र्याला शपथविधीआधी कुलदैवत कोणते, देवघर कुठल्या खोलीत आहे आणि आईला कोण सांभाळते हे साक्षीदारांसह सिद्ध करायला सांगण्यासारखे हे झाले. लोकसभेत बोलायला उठणाऱ्या सामान्य वक्त्यावरही अशीच टांगती तलवार होती. ज्याने आईबापांवर हात उचलला, त्यांना अन्न किंवा आसरा दिला नाही, किंवा वडिलार्जित मालमत्ता उधळली, त्याला बोलण्याचा हक्क नाही, असा कायदा एस्किनिझने इ.स.पू. 346-345 च्या सुमारास टिमार्कस या राजकीय विरोधकाविरुद्ध वापरला आणि त्याचे राजकीय आयुष्य संपवले.

भिंतवादी यावर म्हणतील की ही पदाधिकाऱ्यांची गोष्ट झाली. साध्या नागरिकाच्या घरात नगर कशाला डोकावेल? साध्या नागरिकाचीच गोष्ट घेऊ, कारण या साऱ्या विषयात मला तीच सर्वांत बोलकी वाटते. इ.स.पू. 346-345 मध्ये ॲथेन्सने ठराव केला की प्रत्येक डीमने आपली नागरिकयादी नव्याने तपासावी आणि प्रत्येक नावावर मतदान घ्यावे. हॅलिमस या डीममध्ये युक्सिथिऑस नावाच्या माणसाचे नाव सर्वांत शेवटी, अंधार पडल्यावर, बरेच लोक घरी निघून गेल्यावर पुकारण्यात आले. राहिलेल्यांची संख्या तिसाच्या आत होती आणि मते मात्र त्याहून अधिक निघाली, असे तो सांगतो. नाव खोडले गेले. त्याने अपील केले. आणि अशा अपिलात हरणाऱ्याला गुलाम म्हणून विकले जात असे, म्हणजे पणाला लागलेले होते ते सर्वस्व. न्यायालयात त्याच्याविरुद्ध पुरावा कोणता? त्याच्या बापाचे बोलणे परदेशी वळणाचे होते. त्याची आई बाजारात फिती विकते. ती पूर्वी दुसऱ्याच्या घरी दाई होती. उत्तरात त्याने काय मांडले? बाप युद्धात पकडला जाऊन परमुलखात विकला गेला होता आणि बऱ्याच वर्षांनी परत आला, म्हणून बोली बदलली. आई दाई झाली ती नवरा मोहिमेवर असताना, पदरी मुले आणि घरात दारिद्र्य म्हणून. मग चुलते, मावसभाऊ, फ्रात्रीतले म्हणजे भाऊबंदांच्या मंडळातले लोक, एकाच थडग्यात ज्यांची माणसे पुरली आहेत ते नातलग, असे एकामागून एक साक्षीदार उभे राहतात. नागरिकत्वाचा दाखला म्हणून हाती काही कागद नव्हताच. दाखला होता तो लग्नाच्या जेवणाचा, बारशाचा, अंत्ययात्रेचा. एका बाईने काही दशकांपूर्वी कोणाच्या बाळाला दूध पाजले यावर तिच्या प्रौढ मुलाचे मत, जमीन आणि स्वातंत्र्य ठरत असेल, तर त्या घराला खासगी म्हणायचे तरी कसे?

मराठी मुलखाचा इतिहास वाचलेल्यांना येथे मिरासदार, म्हणजे गावचे वंशपरंपरागत हक्कदार, आणि उपरी, म्हणजे बाहेरून आलेले, आठवतील. गावात किती पिढ्या राबलात याला फारसे मोल नाही, घर कोणाचे यालाच आहे; आणि वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभेत भाऊबंद जे सांगतील ते प्रमाण. डीमचे सदस्यत्वही असेच वंशागत होते. ॲथेन्सच्या लोकशाहीची घडी बसवणाऱ्या क्लाइस्थेनिसने इ.स.पू. 508-507 मध्ये गावठाणे पाहून 139 डीम आखले, पण पुढे माणूस कुठेही राहायला गेला तरी डीम त्याच्या पणजोबाचाच राहिला. साम्य फार ताणू नये. गोतसभा लोकशाही नव्हती आणि डीम वतन नव्हते. तरी राजकीय समाजाचे सदस्यत्व घराच्या दारातूनच मिळते हे कळायला मराठी माणसाला लांब जावे लागत नाही.

इथवर आल्यावर बाप आणि मुलाच्या समान मताचा तो मुद्दाही उलटा फिरतो. अठराव्या वर्षी डीमच्या यादीत नाव चढले की मुलगा बापाच्या कायदेशीर ताब्यातून सुटत असे. रोममध्ये बाप जिवंत असेपर्यंत मुलगा त्याच्या अधिकाराखाली राही. तो तिथे कॉन्सल झाला तरी. मग ॲथेन्समध्ये बापाची सत्ता अठराव्या वर्षी कोणी संपवली? घराने नव्हे, नगराने. लोकसभेत समानता नांदावी म्हणून नगराने घरात हात घालून बापाच्या सत्तेला मुदत लावली. आरेन्टला जिथे दोन क्षेत्रांमधली दरी दिसली, तिथे प्रत्यक्षात एका क्षेत्राने दुसऱ्याची केलेली पुनर्रचना होती. ॲथेन्सचा जुना कायदेकर्ता सोलोन याच्या कायद्यांकडेही असेच पाहावे लागते. ज्या बापाने मुलाला काही कसब शिकवले नाही त्याला म्हातारपणी मुलाकडून पोटगी मागता येणार नाही, असा नियम त्याच्या नावावर सांगितला जातो. बाप-लेकाच्या देण्याघेण्याचा हिशेब नगराने लिहून ठेवला होता.

विवाहाविषयी तर बोलायलाच नको. इ.स.पू. 451-450 मध्ये पेरिक्लीजच्या सूचनेवरून कायदा झाला की आईबाप दोघेही अथेनियन असतील तरच मूल नागरिक. एका ठरावाने प्रत्येक तरुणाच्या सोयरिकीचे गणित बदलले. त्याआधी बड्या घराण्यांतले लोक इतर नगरांतल्या राजघराण्यांशी सोयरीक करत. क्लाइस्थेनिसची आईच सिक्यॉनच्या जुलमी सत्ताधीशाची मुलगी होती. तोच कायदा त्या काळी असता तर अथेनियन लोकशाहीचा संस्थापक परका ठरला असता. पुढे महामारीत पेरिक्लीजचे दोन्ही औरस मुलगे गेले आणि मिलेटसच्या अस्पेशियापासून झालेला मुलगा तेवढा उरला. तेव्हा ज्याने कायदा केला त्यानेच लोकांकडे अपवाद मागितला आणि लोकांनी तो दिला. त्या मुलाला नागरिकत्व मिळाले, तो सेनापती झाला, आणि इ.स.पू. 406 मध्ये आर्गिन्युसीच्या लढाईनंतर याच लोकांनी त्याला इतर सेनापतींबरोबर मृत्युदंड दिला. एका माणसाचा वंश चालावा की नाही यावर लोकसभेने मत दिले, हे लक्षात घ्यावे.

बायकोचा व्यभिचार ही नवऱ्याची खासगी मानहानी समजून नगर गप्प बसले असते, तर भिंतीच्या सिद्धान्ताला आधार मिळाला असता. पण कायदा नवऱ्याला निवड देत नव्हता. बायको व्यभिचारात सापडली तर त्याने तिला सोडलेच पाहिजे. ठेवून घेतली तर त्याचे स्वतःचे नागरिक हक्क जातील. त्या स्त्रीला सार्वजनिक मंदिरांत प्रवेश बंद. म्हणजे एखाद्या नवऱ्याला क्षमा करावीशी वाटली तरी ती करण्याची मुभा त्याला नव्हती. याला खासगीपणा म्हणायचे असेल तर तो शब्दच बदलावा लागेल.

या ठिकाणी कोणी म्हणेल की ही सारी ॲथेन्सची लहर आहे, ग्रीस म्हणजे ॲथेन्स नव्हे. बरोबर. क्रीटमधल्या गॉर्टिनचा कायदा, जो इ.स.पू. पाचव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास दगडी भिंतीवर कोरला गेला आणि अजून वाचता येतो, तो मुलींना भावाच्या निम्मा वाटा देतो. ॲथेन्समध्ये भाऊ असताना बहिणीला हुंडा मिळे, वाटा नाही. नियम वेगळे, पण घराचे वाटप नगराच्या भिंतीवर कोरणे दोन्हीकडे सारखेच. आणि स्पार्टाने तर घर जवळपास विसर्जित करून पाहिले. मुलगा सात वर्षांचा झाला की घराबाहेर, नगराच्या शिक्षणात. तरुण नवरा बायकोला चोरून भेटे. पुरुषांचे रात्रीचे जेवण घरी नाही, सामुदायिक पंगतीत. घर आणि राज्य यांचा संबंध तोडण्याचा याहून जोरकस प्रयोग क्वचितच झाला असेल. त्याचे फळ काय? पंगतीचा शिधा द्यायचा तो प्रत्येकाने आपापल्या जमिनीतून, म्हणजे शेवटी घरातूनच. जो देऊ शकला नाही त्याचे पूर्ण नागरिकत्व गेले. जमीन वारशाने आणि हुंड्याने थोड्या घरांत साचत गेली. ॲरिस्टॉटल सांगतो की त्याच्या काळी दोन-पंचमांश जमीन स्त्रियांच्या हाती होती, तीस हजार पायदळ पोसू शकणाऱ्या प्रदेशात लढणारे नागरिक हजारही उरले नव्हते, आणि एक धक्काही नगराला सोसवला नाही. तो धक्का म्हणजे इ.स.पू. 371 मधली ल्यूक्ट्राची लढाई. तिथे सातशे स्पार्टन नागरिकांपैकी चारशे पडले. दाराने हाकलून दिलेले घर वारसाहक्काच्या खिडकीतून परत आले आणि त्याने राज्य पोखरले. ॲरिस्टॉटलने स्पार्टाच्या स्त्रियांच्या सैल वागणुकीवर यातला बराच दोष टाकला आहे. तो मला पटत नाही. दोष हिशेब न ठेवणाऱ्या व्यवस्थेचा होता.

ॲरिस्टॉटल स्वतःच स्वतःच्या भिंतीला भगदाड पाडतो ते ‘पॉलिटिक्स’च्या पाचव्या भागात. यादवी लहान कारणांतून उठते, पण लहान गोष्टींसाठी उठत नाही, असे सांगून तो उदाहरणे देतो. सिराक्यूजमध्ये एका प्रेमप्रकरणावरून सत्ताधाऱ्यांत फूट पडली. हेस्टिआत दोन भावांच्या वाटणीवरून. डेल्फीत अपशकुन झाला म्हणून वराने वधूला न घेताच पाय काढला, त्यावरून. मिटिलीनीत एका श्रीमंताच्या दोन मुलींच्या सोयरिकीवरून ॲथेन्सशी युद्ध ओढवले. ॲथेन्सच्या लोकशाहीच्या पुराणात मानाचे पान असलेले हार्मोडियस आणि ॲरिस्टोजायटन यांचेही तसेच. इ.स.पू. 514 मध्ये त्यांनी जुलमी सत्ताधीशाचा भाऊ हिपार्कस याला मारले, त्यामागे हार्मोडियसच्या बहिणीला मिरवणुकीत टोपली नेण्यापासून अपमान करून परत पाठवल्याचा डंख होता, असे इतिहासकार थ्युसिडिडीज सांगतो. ज्या ॲरिस्टॉटलला घर आणि नगर यांच्या सत्तेची जात वेगळी दिसली, त्यालाच घरातला तंटा नगर उलथवतो हेही दिसले. दोन्ही त्याला दिसले, कारण दोन्ही खरे होते. आपल्याकडच्या वादात पहिला भाग तेवढा उद्धृत होतो.

आता दुसऱ्या बाजूकडे, कुटुंब म्हणजेच राज्य म्हणणाऱ्यांकडे. त्यांना वाटेल की इतका वेळ मी त्यांचीच वकिली केली. तसे नाही. घर नीट चालवणारा नगर नीट चालवतो, हे वाक्य ग्रीक साहित्यात सर्वांत ठसक्याने कोणाच्या तोंडी आहे? सोफोक्लीजच्या ‘ॲन्टिगनी’ नाटकात क्रिऑनच्या. मुलाने बापाच्या मागे उभे राहावे, नागरिकाने राजाच्या, आणि जो घरात चांगला तोच नगरात न्यायी, असे तो मुलाला सुनावतो. नाटक संपेपर्यंत त्याचा मुलगा आणि बायको दोघेही मेलेले असतात. त्याआधी हिमॉन बापाला उत्तर देतो, ते ग्रीकांच्या दृष्टीने निर्णायक होते: एका माणसाचे असते ते नगरच नव्हे. झेनोफनने लिहिलेल्या संवादांतल्या सॉक्रेटिसनेही घरकारभार आणि राज्यकारभार यांत केवळ आकाराचा फरक आहे असे म्हटले आहे, हे मान्य. पण ॲरिस्टॉटलचा पहिला हल्ला याच मतावर होता. घरासारखे चालवलेले राज्य ग्रीकांना ठाऊक होते. ते पर्शियाचे होते, जिथे सम्राट घरधनी आणि बाकी सारे त्याचे दास. ‘राष्ट्र म्हणजे कुटुंब’ म्हणणाऱ्याने या कुटुंबात मुले कोण आणि गुलाम कोण, हेही सांगावे लागते, आणि ते सांगणे सहसा टाळले जाते.

घराचे ज्ञान नगराला उपयोगी पडते, या म्हणण्याची एक निराळी, अधिक प्रामाणिक आवृत्तीही ग्रीकांनी लिहिली आणि ती स्त्रीच्या तोंडी घातली. इ.स.पू. 411 मध्ये, सिसिलीच्या मोहिमेत ॲथेन्सच्या सैन्याचा सर्वनाश झाल्यानंतर दोन वर्षांनी, ॲरिस्टोफेनिसच्या नाटकात लायसिस्ट्राटा खजिना ताब्यात घेते. पैसा तुम्ही सांभाळणार, असे अधिकारी विचारतो. तर घरचा पैसा आम्हीच सांभाळत नाही का, असा तिचा प्रतिप्रश्न. मग ती लोकर कशी धुवावी, गाठी कशा सोडवाव्यात, परके, देणेकरी आणि वसाहतींतले सारे तंतू एकत्र पिंजून लोकांसाठी झगा कसा विणावा, हे सांगते. तिच्या बोलण्यात कुटुंबप्रमुखाचा हुकूम नाही. कामाचे कसब आहे. अर्थात हे पुरुषाने लिहिले, पुरुषांनी वेष घेऊन केले आणि प्रेक्षक हसले. हसले, पण कल्पना कोणालाही अगम्य वाटली नाही, कारण घरातल्या विषयांशी नगराचा संबंध त्यांना रोजचा होता. त्यांना विनोदी वाटले ते त्या विषयावर घरातल्या माणसाने बोलणे.

आपल्या एकोणिसाव्या शतकातही हाच पेच होता. 1891 मध्ये संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेताना टिळकांचा एक आक्षेप होता की परक्या सरकारने आमच्या सामाजिक चालीरीतींत हात घालू नये. 1895 मध्ये पुण्याच्या काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरू दिली गेली नाही. सामाजिक आधी की राजकीय, यावर आगरकर आणि टिळक यांच्या अनुयायांनी पुष्कळ शाई वापरली. परसत्तेविषयीचा टिळकांचा संशय मी हलका मानत नाही. अँड्रोशनची माणसे पाहून खाटेखाली लपणाऱ्या नागरिकाचा संशय मी हलका मानला नाही, तसाच. पण त्या साऱ्या वादात दहा-अकरा वर्षांची मुलगी चर्चेचा विषय होती, चर्चेतली माणूस नव्हती. घराला राजकारणापासून वाचवा म्हणणाऱ्याला म्हणून आधी हे विचारावे लागते, की घरातल्या कोणाला, कोणाच्या हातून?

ॲथेन्सकडे परत येऊन थांबतो. इ.स.पू. 340 च्या सुमारास नेआइरा नावाच्या स्त्रीवर खटला भरला गेला. आरोप असा की ती परदेशी आणि पूर्वीची गणिका असून एका नागरिकाची पत्नी म्हणून राहते, आणि तिच्या मुलीचे लग्न धर्मकार्ये पाहणाऱ्या आर्कनशी लावून देण्यात आले, त्यामुळे नगराच्या वतीने डायोनिससचे गुप्त विधी त्या मुलीने केले. फिर्यादी पक्षाचा वक्ता अपोलोडोरस शेवटी न्यायाधीश म्हणून बसलेल्या शेकडो सामान्य पुरुषांना विचारतो: हिला सोडून दिलेत तर घरी गेल्यावर काय सांगाल? बायको, मुलगी किंवा आई विचारील, कुठे होतात; तुम्ही म्हणाल, न्यायालयात. ती विचारील, कोणाचा खटला. तुम्ही म्हणाल, नेआइराचा, आणि मग तिचे सारे चरित्र सांगाल. ती म्हणेल, मग केलेत काय? सोडून दिली, असे ऐकल्यावर घरातल्या बायका संतापतील, की आमच्या आणि तिच्या मानात तुम्ही फरकच ठेवला नाही. त्या बायकांना मत नव्हते आणि खटल्यात आपला शब्द आपण बोलण्याची सोयही नव्हती. तरी निकाल फिरवायला शेवटचा युक्तिवाद म्हणून त्या मुरलेल्या वक्त्याने निवडला तो घराच्या दाराशी उभ्या असलेल्या बाईचा प्रश्न.